ट्यूब प्रीॲम्प + ट्रान्झिस्टर पॉवर ॲम्प: चालू-बंद कोणत्या क्रमानं करायचं? आणि लाईन गेली तर?

त्रिमूर्तीनगर_ऑडिओ

नमस्कार मंडळी. एक जुना ट्यूब प्रीॲम्प (पॉवर ॲम्पच्या आधी सिग्नल घेणारा डबा) घेतला, दोन १२एएक्स७ ट्यूब आहेत, मागे २२० व्होल्ट लिहिलंय. तो माझ्या ट्रान्झिस्टर पॉवर ॲम्पला जोडला, तो चॅनलला १०० वॅटचा आहे आणि स्पीकर आठ इंची. आवाज फार सुंदर येऊन राहिला भाऊ, नाट्यगीतं ऐकताना गळ्यातली बारीकशी हरकतही ऐकू येते.

पण सगळं एकाच स्पाईक बोर्डवर आहे. बटण दाबलं की आधी काही नाही, मग वीसेक सेकंदांनी वूफरचा कोन सरकतो आणि धप्प. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईन जाते-येते, ती परत आली की पुन्हा तेच. ॲम्पमध्ये स्पीकर प्रोटेक्शनचा रिले आहे, तो टक्क वाजतो, मग हे काहून होते? शिवाय थोडी घुंऽऽ पण आहे, मित्र म्हणतो प्रीॲम्पच्या प्लगची अर्थ पिन काढून टाक, जाईल. काढू का?

इतवारी_सोल्डर

पिन काढू नको, आधी हेच सांगतो. त्या डब्यात मेन्स ट्रान्सफॉर्मर आहे, त्याचं इन्सुलेशन कधी फाटलं तर २३० व्होल्ट चासीवर (धातूच्या सांगाड्यावर) येतील आणि ॲम्पला जाणाऱ्या आरसीए ऑडिओ केबलच्या शिल्डमधून तू हात लावशील त्या प्रत्येक वस्तूवर. अर्थ असेल तर फ्यूज उडेल, नसेल तर माणूस. घुंऽऽ साठी दोन्ही डबे एकाच बोर्डवर ठेव (ते आहेतच), मग सेट टॉप बॉक्सची डिश केबल काढून ऐक. बहुतेक वेळा ग्राउंड लूप (अर्थ दोन वाटांनी जोडली गेल्यानं येणारी घुंऽऽ) तिथूनच येतो.

आता धप्प. ट्यूब थंड असते तेव्हा करंट ओढत नाही, त्यामुळं प्लेटवर (करंट गोळा करणाऱ्या टोकावर) एचटीचा, म्हणजे ट्यूबच्या हाय व्होल्टेज सप्लायचा, पूर्ण व्होल्टेज बसतो, समज २८० व्होल्ट. कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) तापला की करंट सुरू होतो, प्लेट रेझिस्टरवर ड्रॉप पडतो आणि प्लेट खाली येऊन दीडशे-पावणेदोनशेवर थांबते. हा शंभराच्या वरचा उतार आउटपुटच्या कपलिंग कपॅसिटरमधून (डीसी अडवून फक्त आवाजाचा सिग्नल पुढं सोडणारा) पलीकडे धक्का देतो आणि तुझा ॲम्प तो इमानदारीनं वाढवून वूफरला देतो. प्रोटेक्शन रिले सुरुवातीचे चार-पाच सेकंदच थांबतो, ट्यूब तापायला वीस-तीस लागतात, म्हणून तो टक्क करून मोकळा होतो आणि धक्का नंतर येतो.

क्रम साधा आहे: प्रीॲम्प आधी, व्हॉल्यूम शून्य, एक-दीड मिनिट थांब, मग पॉवर ॲम्प. बंद करताना उलटं, पॉवर ॲम्प पहिले. आणि त्याचे मोठे कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ दे, बटण बंद केल्यावरही ॲम्प काही सेकंद वाजत राहतो, तो पूर्ण गप झाला की मगच प्रीॲम्प बंद कर.

नंदनवन_बेस

एवढं कशाला, प्रीॲम्प चोवीस तास चालू ठेव ना, धप्पच होणार नाही

सर्किट_काका

नाही रे बाबा. वर्षाचे ८,७६० तास होतात आणि चांगल्या छोट्या ट्यूबचं आयुष्यही काही हजार तासच धरतात, म्हणजे उगाच ट्यूबा जाळायच्या. त्यात नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) ४५-४६ डिग्रीत बंद खोलीत, कोणी घरी नसताना, एचटीचे जुने इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर शिजत ठेवायचे? मी तरी कोणाला हा सल्ला देणार नाही. आणि लाईन जाऊन परत आली की ट्यूब थंड झालेली असते, धप्प येतोच.

आपल्याकडे खरा घोळ क्रमाचा नाहीच, क्रम माणूस पाळतो. लाईन आपोआप परत येते तेव्हा माणूस तिथं नसतो, दोन्ही डबे एकदम चालू होतात. त्यासाठी पॉवर ॲम्पच्या लाईनमध्ये एक कॉन्टॅक्टर (मोठा रिले) टाक, २३० व्होल्ट कॉइलचा, हिरवं-लाल बटण असलेला. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते ना, तेच तत्त्व: लाईन गेली की सुटतो आणि परत आली तरी हिरवं बटण दाबेपर्यंत धरत नाही. सामान बर्डीच्या बाजारात मिळेल, पण वायरिंग बंद डब्यात, अर्थ सरळ पुढं नेलेली, आणि २३० व्होल्टचं काम येत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून. डबा प्रीॲम्पपासून लांब ठेव, एसी कॉइल गुणगुणते. टायमर रिले लावूनही होते, पण मला बटण जास्त आवडते, कारण ट्यूब तापली की नाही ते बघूनच माणूस दाबतो.

दुसरं, २२० चा ट्रान्सफॉर्मर आहे म्हणतोस. रात्री तुझ्याकडं २५० आले तर ट्यूबचा ६.३ व्होल्टचा हीटर जवळपास ७.१५ व्होल्टवर जाईल. मर्यादा साधारण दहा टक्के असते, म्हणजे ६.९. एकदा रात्री सॉकेट मोज, जास्त असेल तर सर्व्हो स्टॅबिलायझर बघ. चौकोनी वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर तं हा सेट चालवूच नको.

आणि सगळ्यात आधी, पुन्हा ॲम्प जोडायच्या अगोदर, प्रीॲम्पच्या आउटपुटला डीसी मोज. आरसीएच्या मधल्या पिनपासून शिल्डपर्यंत ४७ के (किलोओहम) चा रेझिस्टर लावून मोज, म्हणजे ॲम्प जोडल्यासारखं रीडिंग येईल. पाच मिनिटं तापू दे, दोन्ही चॅनल.

त्रिमूर्तीनगर_ऑडिओ

मोजलं काका. डावा २ मिलिव्होल्ट. उजवा ९० मिलिव्होल्ट आणि हळूहळू वाढून राहिला. डिश केबल काढली तर घुंऽऽ जवळपास गेली, पिन जशीच्या तशी आहे.

सर्किट_काका

उजव्याचा कपलिंग कपॅसिटर लीक होऊन राहिला. आता प्रीॲम्प जोडूच नको. तुझ्या ॲम्पचा गेन वीस पट धर, आणि तो पूर्ण डीसी कपल्ड (आत डीसी अडवणारा कपॅसिटर नसलेला) असेल तर ९० मिलिव्होल्टचे १.८ व्होल्ट स्पीकरवर कायम बसतील. कॉइल तापते, कोन मधून सरकून राहतो. वाढत गेलं तर वूफर जाईल.

दोन्ही चॅनलचे बदल, एकच नाही. पॉलिप्रॉपिलीन, ६३० व्होल्टचा घे, कारण थंड असताना त्याच्यावर पूर्ण एचटी येते, २५० चा चालणार नाही.

इतवारी_सोल्डर

व्हॅल्यू आहे तीच ठेव, मोठी टाकली तर धप्प पण मोठा. ०.४७ मायक्रोफॅरड असेल आणि ॲम्पचा इनपुट इम्पीडन्स ४७ के, तर कटऑफ (ज्याच्या खालचे सूर कमी होत जातात) साधारण ७ हर्ट्झ येतो, भरपूर झालं. पण ॲम्प १० के चा निघाला तर तोच ३४ वर जातो आणि तबल्याचा बायां हलका ऐकू येईल, शिवाय १२एएक्स७ च्या प्लेटला १० के चा भार जडच जातो. मॅन्युअल बघून सांग.

उघडायच्या आधी प्लग काढ, नुसतं बटण नाही. एचटीचे कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेले राहतात, तो झटका जीवघेणा असतो. १० के, ५ वॅटचा रेझिस्टर, इन्सुलेटेड वायरनं, कपॅसिटरच्या दोन टोकांना काही सेकंद लाव, मग मीटरनं शून्याजवळ आलं का बघ, आणि हे प्रत्येक कपॅसिटरला. हे पहिल्यांदा करत असशील तर एकट्यानं करू नको, रविवारी इतवारीत माझ्या टेबलावर घेऊन ये, दोघं मिळून बदलू.

त्रिमूर्तीनगर_ऑडिओ

येतो भाऊ. कपॅसिटर बर्डीतून घेऊनच येतो, आणि ॲम्पच्या मॅन्युअलमध्ये इनपुट ४७ के लिहिलंय.