ग्लायफोसेट ‘२-अ’ गटात आहे, याचा नेमका अर्थ काय?

तासगावचा बागायतदार

आमची दीड एकर द्राक्षबाग आणि ओढ्याकडेला थोडा ऊस आहे. बांधावरची हराळी आणि लव्हाळा काही केल्या हटत नसल्यामुळे गेली सात-आठ वर्षे आम्ही तेथे ग्लायफोसेट हे तणनाशक मारत आलो आहोत. पाठीवरच्या पंपाचा नोझल तुंबला की तो काढून तोंडाने फुंकायचा, ही वडिलांची सवय मलाही लागली आहे. गेल्या आठवड्यात मेहुण्याने संदेश पाठवला की, जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध ‘२-अ’ गटातील कर्करोगकारक ठरवले आहे. कृषी सेवा केंद्रातील गृहस्थ मात्र युरोपने ते निर्धोक ठरवल्याचे सांगतात. कोणाचे खरे मानावे?

मिरजेहून, आरोग्य विभागातून निवृत्त

संदेश खोटा नाही, पण अर्धवट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीत फ्रान्समधील ल्यों येथे १९६५ पासून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था काम करते आणि हे गट तिने पाडलेले आहेत. एखाद्या पदार्थाने कर्करोग होऊ शकतो, याचा पुरावा किती भक्कम आहे, एवढेच गट सांगतो. किती मात्रेने किती जणांना होईल, हे तो सांगत नाही. म्हणूनच तंबाखू आणि प्रक्रिया केलेले मांस दोन्ही पहिल्या, म्हणजे ‘निश्चित कर्करोगकारक’ गटात असली, तरी त्यांचा घातकपणा सारखा ठरत नाही. ‘२-अ’ म्हणजे ‘बहुधा कर्करोगकारक’. रात्रपाळीचे काम आणि ६५ अंशांपेक्षा गरम पेयेही त्याच गटात आहेत. चहा उकळता पिणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

ग्लायफोसेट या गटात मार्च २०१५ मध्ये आले, तेव्हा माणसांमधील पुरावा मर्यादित आणि प्राण्यांमधील पुरेसा मानला गेला. त्याच वर्षी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने या द्रव्यापासून कर्करोगाचा धोका संभवत नाही, असे मत दिले. एकाच वर्षात दोन मते निघण्याचे एक कारण असे की, ल्योंच्या तज्ज्ञांनी फक्त प्रसिद्ध झालेले संशोधन घेतले आणि बाजारात मिळणाऱ्या तयार मिश्रणांवरचे अभ्यासही पाहिले. युरोपने शुद्ध द्रव्याचा विचार केला आणि कंपन्यांच्या अप्रकाशित चाचण्याही जमेस धरल्या. हा वाद तुम्ही-आम्ही मिटवू शकत नाही. पण दादा, नोझल फुंकणे आजच बंद करा, कारण कोणतेही कृषी औषध तोंडात जाणे घातकच असते आणि त्यासाठी गटाची वाट पाहावी लागत नाही.

पलूसची वाचक

आमच्या घरी सासूबाई अजूनही तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करतात आणि तो ठसका माडीपर्यंत येतो. दात दुखतात म्हणून ती लागते, असे त्यांचे म्हणणे आहे. या यादीत मिश्री कोठे बसते?

मिरजेहून, आरोग्य विभागातून निवृत्त

ताई, पहिल्या गटात. धूर निघो वा न निघो, तंबाखू तेथेच आहे आणि २००३ च्या बैठकीत नुसती सुपारीही त्याच गटात गेली, त्यामुळे ‘तंबाखूविना पान’ हा बचाव उरलेला नाही. बांधावरच्या औषधापेक्षा तव्यावरची मिश्री मला अधिक काळजीची वाटते, कारण ती वर्षानुवर्षे, दिवसातून अनेकदा, थेट हिरडीवर बसते. सासूबाईंच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, भरून न येणारी जखम अथवा तोंड कमी उघडणे, असे काही असेल, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवण्यास उशीर करू नका.

ल्योंच्या या संस्थेला केवळ यादी करणारी समजू नये, म्हणून आपल्या शेजारचेच उदाहरण देतो. तिने टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीच्या कर्करोग रुग्णालयासह तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर अभ्यास केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच केलेल्या गटात आठ वर्षांत त्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. ते निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांना तपासणी मिळालीच नाही, त्यांच्याबाबत नैतिक आक्षेपही पुढे घेतले गेले आणि मला ते रास्त वाटतात.

तासगावचा बागायतदार

आभारी आहे. नोझल साफ करण्यासाठी दातांचा जुना ब्रश पंपाच्या पट्ट्याला बांधून ठेवला आहे. आमच्याही घरात आईची मिश्रीची डबी आहे. तिच्याजवळ तो विषय कसा काढावा, हे पलूसच्या ताईंना जमल्यास येथे अवश्य लिहावे.