शब्दचर्चा : हवेतले ‘सेंद्रिय’ कण

कसबा बावडा : शाळेत हवेच्या प्रदूषणाचा तक्ता लावायचाय. ‘प्रदूषित हवेत दुय्यम सेंद्रिय कण तयार होतात’ असं लिहिलं, तर नववीतला एक मुलगा म्हणाला, “मॅडम, सेंद्रिय म्हणजे चांगलेच की!” कोल्हापुरात गुळाच्या ढेपेवर ‘सेंद्रिय’ लिहिलं की आपण चार पैसे जास्त मोजतो, त्या पोराचं काय चुकलं? शिवाय ‘दुय्यम’ म्हटलं की कमी धोक्याचे वाटतात. कोणते शब्द घालू?

शाहूपुरी : ताई, ‘कार्बनी’ घाला. सेंद्रिय म्हणजे स-इंद्रिय, सजीवांशी नातं सांगणारा शब्द. असे पदार्थ सजीवांतच बनतात ही समजूत १८२८ साली व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं प्रयोगशाळेत युरिया केला तेव्हापासून ढासळत गेली. शब्द तेवढा राहिला. मात्र ‘कार्बनी’ वाचून मुलांना काजळी आठवेल, तेव्हा फरक सांगा. काजळी धुराबरोबर आयती बाहेर पडते. हे कण हवेत घडतात. पेट्रोल, रंग, पेटवलेलं पाचट यांतून न दिसणाऱ्या वाफा निघतात. दिवसा उन्हाच्या जोरावर तयार झालेले हायड्रॉक्सिल मूलक (ऑक्सिजन-हायड्रोजनचा चटकन क्रिया करणारा तुकडा) आणि ओझोन वायू त्यांना ऑक्सिजन जोडतात. मग त्या पहिल्यासारख्या सहज उडत नाहीत, हवेतल्या बारीक कणांवर जाऊन बसतात.

शिरोळ : सर, ‘बसतात’पेक्षा ‘धरतात’ म्हणा. दुधावर साय धरते, कंदिलाच्या काचेवर काजळी धरते, तसंच हे. आमच्या गुऱ्हाळात चुलवाणात चिपाड घातलं की जो दिसतो तो धूर. न दिसणाऱ्या वाफेचं पुढं काय होतं ते ‘धूर’ शब्दात येतच नाही. ‘धुरकं’ चालेल का?

शाहूपुरी : दादा, ‘धरतात’ एकदम चपखल. ‘धुरकं’ मात्र नको. धूर आणि धुकं मिळून झालेला ‘स्मॉग’ हा इंग्रजी शब्द १९०५ च्या लंडनचा, कोळशाच्या धुराचा. लॉस एंजेलिसची हवा कोरड्या, लख्ख उन्हात बिघडायची. ती गाड्यांच्या वायूंवर उन्हाची क्रिया होऊन बिघडते, हे हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञांनी १९५०च्या सुमारास दाखवलं. धुकं ऊन चढलं की विरतं, ही क्रिया उन्हात वाढते.

कसबा बावडा : ‘दुय्यम’ काढून ‘हवेत घडलेले’ लिहिते. फक्त प्रदूषणाचेच म्हणू ना?

शाहूपुरी : तसं नको. लिंबाच्या सालीच्या तेलात जे लिमोनीन असतं, त्याचेही ओझोनशी गाठ पडली की कण होतात. झाडंही अशा वाफा सोडतात.

कसबा बावडा : मग वाक्य असं : ‘पेट्रोल, रंग, धूर आणि झाडं यांच्या वाफांवर हवेत क्रिया होऊन बारीक कार्बनी कण धरतात.’ उद्या त्याच पोराला आधी वाचायला देते.