कल्पना करता आली, पण करुणा?

कल्पनाशक्ती वाढली की करुणा आपोआप वाढते, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. अ‍ॅडम स्मिथ या तत्त्वज्ञानेही १७५९ साली असंच मांडलं होतं: दुसऱ्याला काय वाटतंय ते थेट कळायचा मार्ग नाही, मनाने त्याच्या जागी जाऊनच ते कळतं. कुणाच्या पायावर घाव पडताना दिसला की आपण आपलाच पाय आखडून घेतो, हे निरीक्षण त्याचंच. पण छळ करणाऱ्याकडेही कल्पनाशक्ती असतेच की! समोरच्याला कुठे जास्त लागेल हे त्याला बरोबर कळतं.

मेंदूशास्त्रज्ञ तानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जोडप्यांवर प्रयोग केला. जोडीदाराच्या हाताला विजेचा झटका बसतोय हे नुसतं कळल्यावरही स्वतःच्या वेदनेच्या वेळी जागे होणारे मेंदूतले काही भाग जागे झाले. झटक्याची जागा आणि तीव्रता टिपणारे भाग मात्र नाही. म्हणजे दुसऱ्याचं दुःख आपल्यात खरंच उतरतं.

पण उतरल्यावर पुढे काय? आईच्या शेवटच्या आजारपणात तिचं कण्हणं मला इतकं सहन होईना की मी खोलीबाहेर जाऊन उभा राहायचो. तिची वेदना मी तिळातिळाने कल्पू शकत होतो, पण तिच्या काही कामाचा नव्हतो. नर्स मात्र शांतपणे आत यायची, उशी सरळ करायची आणि कापसाच्या बोळ्याने तिचे कोरडे ओठ भिजवायची. मला नर्सचं ते वागणं करुणा वाटतं. तुम्ही माझ्या त्या तगमगीला काय म्हणाल?