अवतरणावरून लेखकाचं वाचन ओळखता येतं?

कादंबरीच्या सुरुवातीला दिलेल्या अवतरणावरून लेखकावर कोणाचा प्रभाव आहे ते कळतं, असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबेचं घ्या. 'थिंग्ज फॉल अपार्ट'च्या (१९५८) आरंभी आयरिश कवी येट्सच्या 'द सेकंड कमिंग' या कवितेतल्या चार ओळी आहेत, शीर्षकही त्यांतलंच. येट्स पहिल्या महायुद्धानंतर युरोपची घडी विस्कटल्याबद्दल लिहीत होता. अचेबे त्याच ओळी नायजेरियातल्या इग्बो समाजाच्या गावाला लावतो, आणि तिथली घडी मोडणारा युरोपच! याला प्रभाव म्हणायचं की परतफेड? मला तरी ही परतफेडच वाटते. 'नो लाँगर ॲट ईझ'मध्येही (१९६०) तोच डाव: अवतरणात कवी टी. एस. एलियटच्या कवितेतले, आपल्या राज्यात परतूनही न रुळणारे राजे, आणि कादंबरीत इंग्लंडात शिकून परतलेला, कुठेच न रुळणारा नायक ओबी.

शिवाय काही अवतरणं चक्क बनावट असतात. स्कॉटिश कादंबरीकार वॉल्टर स्कॉट आपल्या 'द अँटिक्वेरी'ची (१८१६) मुद्रितं तपासत होता. शेजारी बसलेल्या जॉन बॅलंटाइन या प्रकाशक मित्राला त्याने अवतरणासाठी बोमाँट-फ्लेचर या जुन्या इंग्रज नाटककारांच्या नाटकांतला एक उतारा शोधायला सांगितला. तो काही सापडेना. वैतागून स्कॉट म्हणाला, तू शोधेपर्यंत मीच रचून होईल! पुढे आठवण दगा देई तेव्हा स्वतःच्याच ओळींखाली तो बेधडक 'जुने नाटक' असं लिहून मोकळा व्हायचा. अमेरिकन लेखक फिट्झजेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी'च्या (१९२५) आरंभीच्या ओळी ज्याच्या नावावर आहेत तो कवी टॉमस पार्क डीइन्व्हिलिअर्स तर फिट्झजेराल्डच्याच पहिल्या कादंबरीतलं पात्र. आता यात कोणाचा प्रभाव शोधणार?