मध्यरात्रीच्या दारामागचा ठेका
जपानी गायिका मिकी मात्सुबारा यांच्या १९७९ सालच्या ‘मायोनाका नो दोआ’ (मध्यरात्रीचे दार) या गाण्याचा डिस्को ठेका शब्दांतल्या विरहाला मारक ठरतो, असे एक मत आहे; ते मला मान्य नाही. एकटेपणा घालवण्यासाठी लावलेल्या तबकडीची सुई तीच चाल पुन्हा पुन्हा वाजवत राहते, असा उल्लेख गीतातच आहे, आणि संगीतकार तेत्सुजी हायाशी यांनी दिलेला फंकच्या (ठेक्यावर भर देणाऱ्या अमेरिकी नृत्यसंगीताच्या) वळणाचा, न थांबणारा ठेका ऐकताना मला नेमकी ती फिरत राहिलेली तबकडीच जाणवते. शिवाय मात्सुबारा यांची आई जॅझ गायिका होती. अवघ्या १९व्या वर्षी गायलेल्या या गाण्यात मात्सुबारा ठेक्याला चिकटून न राहता शब्द जरासा मागे रेंगाळू देतात, तो जॅझचा संस्कार आईकडूनच आला असावा.

भाषांतरात हरवणारी एक गोष्टही सांगायला हवी. गीतकार योशिको मिउरा यांच्या शब्दांत, ‘कोइ’ आणि ‘आइ’ (प्रेमासाठीचे दोन जपानी शब्द) या वेगळ्या गोष्टी आहेत असे प्रियकर काल रात्री म्हणाल्याचे नायिकेला अंधूक आठवते. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द येतो. आपल्याकडे मात्र पहिल्यासाठी ओढ आणि दुसऱ्यासाठी माया म्हटले, की गीतात दुसरा हिवाळा येताच त्याचे मन का दुरावले ते लख्ख कळते. त्याच्या करड्या जाकिटावरचा कॉफीचा ओळखीचा डाग तिला अजून दिसतो, ती मायाच.