दोन पोर्टच्या अँटेनाचे रुंद बँडवरील मॅचिंग: एस११ चांगला असूनही शक्ती कुठे जाते?

प्रश्न

१.७ ते २.७ गिगाहर्ट्झ या पट्ट्यासाठी एकाच पीसीबीवर दोन सारखे छापील मोनोपोल एकमेकांपासून १४ मिमी अंतरावर घेतले आहेत. प्रत्येक पोर्टला (अँटेनाच्या जोडणीच्या टोकाला) स्वतंत्र एल-सी मॅचिंग (इंडक्टर-कपॅसिटरचे जुळवणी-नेटवर्क) दिले असून, दुसऱ्या पोर्टवर ५० ओहमचे टर्मिनेशन लावून व्हीएनएवर (नेटवर्क अ‍ॅनालायझरवर) मोजल्यास एस११ (त्याच पोर्टवर परत येणारे परावर्तन) पट्टाभर −१२ डेसिबलच्या आसपास राहतो. मात्र एस२१ (शेजारच्या पोर्टकडे निसटणारा भाग) −६ डेसिबल येतो. न्यूट्रलायझेशन लाइन (कपलिंग रद्द करण्यासाठी दोन्ही अँटेनांना जोडणारी पट्टी) जोडली की २.१ गिगाहर्ट्झजवळ आयसोलेशन (पोर्टांमधील विलगता) उत्तम मिळते, पण पट्ट्याच्या दोन्ही टोकांना ते ढासळते. मॅचिंगचे टप्पे वाढवून हे सुटेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आधी तुमच्याच आकड्यांचा हिशेब मांडू. एका पोर्टला १०० मिलिवॉट दिले, तर सुमारे ६ परावर्तित होतात, २५ शेजारच्या पोर्टच्या ५० ओहममध्ये जिरतात आणि तांबे व एफआर४ (बोर्डाचे इन्सुलेटर साहित्य) मधील ऱ्हास धरण्याआधीच प्रारणासाठी जेमतेम ६९ उरतात. एस११ कितीही खाली आणला तरी ते २५ मिलिवॉट त्याने परत मिळत नाहीत. दोन्ही पोर्ट एकाच वेळी चालतात तेव्हा शेजाऱ्याकडून आलेली लहर परावर्तनात मिसळते, आणि ते परावर्तन दोन सिग्नलांमधील फेजप्रमाणे बदलत राहते.

तुमची रचना सममित आहे, म्हणून मॅचिंगचे घटक काढून, संदर्भ-प्रतल (जिथून मोजमाप धरले जाते ती जागा) फीडच्या बिंदूपर्यंत नेऊन पुन्हा मोजा. एस११ + एस२१ म्हणजे सम मोडचे (दोन्ही पोर्ट एकाच फेजमध्ये चालवल्यावरचे) परावर्तन आणि एस११ − एस२१ म्हणजे विषम मोडचे (विरुद्ध फेजमध्ये चालवल्यावरचे). दोन्ही स्मिथ चार्टवर (परावर्तन व इम्पिडन्स दाखवणाऱ्या आलेखावर) वेगवेगळे काढा. खरी मॅच करायची आहे ती या दोघांची. १८० अंशांच्या हायब्रिडने (दोन सिग्नलांची बेरीज व वजाबाकी वेगळी देणाऱ्या सर्किटने) हे मोड वेगळ्या पोर्टांवर आणता येतात आणि मग प्रत्येकाला स्वतंत्र नेटवर्क देता येते.

प्रश्नकर्ता

आपण सांगितल्याप्रमाणे मोजले. सम मोडचा क्यू (साठलेल्या ऊर्जेचे खर्च होणाऱ्या ऊर्जेशी प्रमाण) साधारण ४, तर विषम मोडचा १५ येतो. एवढा फरक अपेक्षित आहे का?

प्रतिसाद २

होय. विषम मोडमध्ये जवळजवळच्या दोन मोनोपोलांतील प्रवाह एकमेकांच्या विरुद्ध असल्याने दूरच्या क्षेत्रात ते बऱ्याच अंशी परस्परांना रद्द करतात. प्रारण घटते, ऊर्जा अँटेनाभोवती साठून राहते आणि क्यू चढतो. तुमच्या पट्ट्याच्या मध्याला तरंगलांबी सुमारे १३६ मिमी आहे, म्हणजे १४ मिमी हे अंतर तिच्या दहाव्या भागाइतकेच आहे.

टप्पे वाढवण्याच्या प्रश्नाचे उत्तर बोडे-फॅनो मर्यादेत (रुंद पट्ट्यावर मॅचिंग किती चांगले होऊ शकते याच्या सैद्धांतिक सीमेत) आहे. साध्या अनुनादी भारासाठी पट्टाभर एकसारखे ठेवता येणारे परावर्तन ई चा −π/(क्यू × बी) हा घात यापेक्षा कमी होऊ शकत नाही, जिथे बी ही सापेक्ष बँडविड्थ, तुमच्या बाबतीत सुमारे ०.४५. सम मोडला क्यू ४ धरून ही सीमा −१५ डेसिबल येते, म्हणजे तिथे वाव आहे. विषम मोडला ती केवळ −४ डेसिबल येते, आणि हा आकडा ऱ्हासरहित, अनंत टप्प्यांच्या नेटवर्कचा आहे! प्रत्यक्षात प्रत्येक वाढीव इंडक्टर स्वतःच शक्ती खातो, त्यामुळे दोन-तीन टप्प्यांपुढे जाण्यात मला फायदा दिसत नाही. न्यूट्रलायझेशन लाइनही एका ठराविक फेजवर कपलिंग रद्द करते. वारंवारता सरकली की तो मेळ तुटतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की नेटवर्कला हात लावण्याआधी अँटेनाची मांडणी बदलावी. जागा असेल तर अंतर ३५ मिमीच्या आसपास न्यावे, किंवा एक मोनोपोल बोर्डाच्या लगतच्या कडेवर ९० अंशांत वळवून घ्यावा.

प्रतिसाद १

सहमत आहे. मात्र मोनोपोल वळवल्यास सममिती मोडते आणि सम-विषम अशी वाटणी लागू राहत नाही. तेव्हा प्रत्येक वारंवारतेला एस मॅट्रिक्सचे (एस११, एस२१ आदी मूल्यांच्या कोष्टकाचे) सर्वांत मोठे सिंग्युलर मूल्य काढावे. दोन्ही पोर्टांच्या सर्वांत प्रतिकूल उत्तेजनाला किती परावर्तन होईल, हे तेच मूल्य सांगते. सिम्युलेशनमध्ये ऑप्टिमायझरला एस११ ऐवजी हे उद्दिष्ट द्यावे.