श्रद्धांजलीच्या निवेदनातील एक दुरुस्ती, आणि बाबांविषयी थोडेसे

प्रति: मराठी मंडळ, सर्व सभासद
प्रेषक: मूळच्या फोंड्याच्या एक सभासद

सादर नमस्कार.

बाबा गेल्याचे वृत्त मंडळाने सर्वांना कळवले आणि त्यानंतर आलेल्या पत्रांनी आम्हां भावंडांना फार धीर दिला, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. मात्र त्या निवेदनात 'मांडवी पुलाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता' असे एक वाक्य आले आहे. ते दुरुस्त करणे मला आवश्यक वाटते, कारण न केलेल्या कामाचे श्रेय बाबांनी हयातीत कधी घेतले नाही आणि त्यांच्या माघारीही ते त्यांच्या नावावर जमा होऊ नये.

बाबांनी एकही मोठा पूल बांधला नाही. त्यांच्या नोकरीची बहुतेक वर्षे पणजी–बेळगाव महामार्गाच्या देखभालीत गेली. हा रस्ता तेव्हा ४ अ म्हणून ओळखला जाई, आज त्याचा क्रमांक ७४८ आहे. त्यातही फोंड्याच्या पुढे धारबांदोडा, मोले आणि तिथून अनमोड घाटाची चढण हा त्यांचा जीव की प्राण. डांबराचा वैरी वाहनांचा भार नसून पाणी आहे, हे ते आम्हाला जेवताना ताटावर बोटाने रेघा ओढून समजावत. पृष्ठभागाला बारीकशी चीर पडली की पाणी खाली उतरते, खडीला धरून बसलेले डांबर सुटते, वरून जाणारे प्रत्येक चाक ते पाणी आतल्या आत दाबत राहते आणि आठवड्याभरात तिथे खड्डा दिसू लागतो. म्हणून रस्त्याच्या माथ्यापासून कडेपर्यंत दर मीटरला सुमारे अडीच सेंटिमीटर उतार, कडेला वाहते गटार आणि घाटातल्या संरक्षक भिंतींमधली पाण्याची भोके मोकळी, एवढ्या तीन गोष्टींसाठी ते दर मे महिन्यात, मृग लागण्यापूर्वी, मैलकुलींबरोबर, म्हणजे रस्त्याच्या देखभालीच्या मजुरांबरोबर, सगळा घाट पायी चालत आणि रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या प्रत्येक मोरीत स्वतः वाकून बॅटरीचा झोत टाकून पाहत.

निवेदनातली चूक कशी झाली असावी, याचा मला अंदाज आहे. १९७० मध्ये वाहतुकीला खुला झालेला मांडवी पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला आणि पणजी–बेती फेरीबोटींवर एकाएकी सगळा भार आला, तेव्हा धक्क्यांकडे जाणारे रस्ते नीट करण्यासाठी बाबांनाही बोलावून घेतले होते. ते तिसऱ्या दिवशी घरी आले, अंघोळ केली आणि काही न बोलता आमच्या अभ्यासाच्या टेबलाशी येऊन बसले. त्यांचा पुलाशी आलेला संबंध एवढाच.

पावसाळ्यात ते घरी कमी दिसत, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. चतुर्थी बहुधा पावसातच येते. एका वर्षी आदल्या दिवशी घाटात दरड आली आणि त्यांना निघता येईना, तेव्हा गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीसाठी रानातून गोळा केलेली कांगलां आणि घागऱ्यो ही रानफळे त्यांनी बसच्या कंडक्टरच्या हाती पाठवली. सोबत चिठ्ठी होती: माटोळी बांधून घ्या, आरती माझ्यासाठी खोळंबवू नका. आईने आरती खोळंबवली. ते रात्री साडेदहाला चिखलाने भरलेल्या पायांनी आले आणि मगच गणपतीसमोर निरांजन लागले.

आपली नम्र

—

प्रति: मराठी मंडळ, सर्व सभासद
प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, मूळचे सत्तरी तालुक्याचे

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून राहवले नाही. परदेशी येण्यापूर्वी मी तीन वर्षे तुझ्या बाबांच्या, म्हणजे आमच्या भाईंच्या, हाताखाली कनिष्ठ अभियंता होतो. मला काम येते ते त्यांच्यामुळे येते.

वळणावर रोलर कसा फिरवायचा, हे त्यांनी मला भर उन्हात उभे करून शिकवले. सरळ रस्त्यावर दोन्ही कडांकडून मध्याकडे यायचे. वळणावर मात्र बाहेरची कड उंच असते, म्हणून आतल्या खालच्या कडेपासून सुरुवात करून वर चढत जायचे, नाहीतर गरम माल उताराकडे सरकतो. एकदा माल वाटेतच निवला होता, आणि निवलेले डांबर कितीही दाबले तरी बसत नाही. ठेकेदार गयावया करत असताना भाईंनी तो ट्रक परत पाठवला. ठेकेदाराच्या कामाची नोंद असलेल्या मोजमाप पुस्तिकेवर सही करण्याआधी ते रस्ता खणून थराची जाडी स्वतः मोजत. त्यामुळे त्यांना कोणकोणते दरवाजे बंद झाले, ते मी येथे लिहीत नाही.

माझ्या मुलीचा जन्म ऐन डांबरीकरणाच्या दिवसांत झाला. निरोप आला तसे भाईंनी मला आपल्या जीपमधून म्हापशाला धाडले आणि माझ्या जागी दोन दिवस ते स्वतः रोलरपाशी उभे राहिले.

त्यांच्याजवळ मोऱ्यांची एक वही असे. ती अजून आहे का?

—

प्रति: मराठी मंडळ, सर्व सभासद
प्रेषक: मूळच्या फोंड्याच्या एक सभासद

आदरणीय काका, सादर नमस्कार.

वही आहे. आईने ती देवघराच्या खणात ठेवली आहे. मोऱ्यांचे क्रमांक किलोमीटरप्रमाणे लिहिलेले आहेत, आणि त्याच ओळींत, त्याच शाईने, आमच्याही नोंदी आहेत: '५२/३, गाळ काढला, कठडा दुरुस्त करणे. धाकट्याचा ताप उतरला.' दुसऱ्या पानावर '५४/१, पाणी तुंबते. ताईची परीक्षा सोमवारी, रविवारी मुक्काम नको.' ही पाने मी या आठवड्यात पहिल्यांदाच वाचली. त्या रविवारी ते घरी होते, हे मला पक्के आठवते.

कार्यवाहांना विनंती की निवेदनातील पुलाचे वाक्य काढून तेथे 'त्यांनी फोंडा–मोले–अनमोड घाट रस्त्याची देखभाल केली' एवढेच लिहावे. वहीची दोन पाने शोकसभेपूर्वी पाठवते. आईची परवानगी घेतली आहे. आणि काका, रोलरची हकीकत त्या दिवशी आपणच सांगावी.